ब्रेकबुवांचं धुराचं कपाट

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोटाळा केलाच, तर संकटकाळी दाबायचा. आमच्या या गृहस्थांच्या मते संकटकाळ सकाळी गाडी सुरू झाली की सुरू होई आणि संध्याकाळी किल्ली काढली की संपे. कुत्रं दिसलं, ब्रेक. कुत्र्याची सावली दिसली, ब्रेक. समोर रस्ता मोकळा दिसला, तर इतका मोकळा कसा, म्हणून ब्रेक. शिकाऊ मंडळींनी त्यांचं नाव ब्रेकबुवा ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा बुवांना तो सन्मान वाटला.

घरात मात्र त्यांच्या पायाशी काहीच नव्हतं. बायको दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. सुजल्या गालांनी विव्हळणाऱ्या माणसांना "बसा, होतंय" म्हणण्यात तिची हयात गेली होती. त्यामुळे नवऱ्याच्या कुठल्याही तक्रारीला तिच्याकडे तेच औषध होतं. बुवांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, पण नको ते नेमकं ऐकू यायचं.

अशा घरात एके दिवशी बुवांनी जाहीर केलं, "मी स्मोकर आणलाय."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "कुणाला आणलंय? आणि घरात विड्या ओढणार तो?"

"माणूस नाही हो, यंत्र आहे. विजेवर चालतं. आत मांस टांगायचं, खाली लाकडाच्या ढलप्या ठेवायच्या, आणि मंद आचेवर दिवसभर धुरात शिजू द्यायचं. लोण्यासारखं होतं."

"दिवसभर?" सासूबाई म्हणाल्या. "कुकर बिघडलाय का?"

ते यंत्र म्हणजे कमरेएवढं काळं पत्र्याचं कपाट होतं. ते गॅलरीत बसलं, आणि कपडे वाळत घालायची दोरी घरात आली. कपाटाला तापमानाचं एकच बटण होतं आणि त्यावर तीन शब्द होते: कमी, मध्यम, जास्त. कमीवर मांस आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होई. जास्तवर त्याची चप्पल होई. मध्यमवर ते आधी चप्पल होई आणि मग, का कोण जाणे, कोमट. पहिल्या रविवारी घरच्यांनी कच्चं खाल्लं, दुसऱ्या रविवारी चामडं. तिसऱ्या रविवारी बायकोने न विचारता आमटीभात लावला.

शहाण्या माणसाने कपाट परत केलं असतं. पण नाचता येईना अंगण वाकडं, हे बुवांना कधीच मान्य नव्हतं. त्यांच्या मते नाच उत्तम होता, अंगणच नव्याने बांधायला हवं होतं. कपाटाची आच आपोआप सांभाळणारा कंट्रोलर ते स्वतः घरी बनवणार होते.

त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊजी, हे तयार मिळतं. पिन लावायची, मोकळं व्हायचं."

"तयार मिळणाऱ्या गोष्टीत आपलं काय?" बुवा म्हणाले.

"आपलं मांस," मेव्हणा म्हणाला. पण बुवांनी तोवर कानावर ब्रेक दाबला होता.

मग घरी पुड्या येऊ लागल्या. आकडे दाखवणारा छोटा कंट्रोलर आला. तापमान कळवणारी, शेपटीसारखी लांब वायर असलेली सळई आली. कंट्रोलरच्या इशाऱ्यावर विजेची उघडझाप करणारा रिले आला. तो तापतो म्हणून त्याला थंड ठेवणारा ॲल्युमिनियमचा ठोकळाही आला. म्हणजे आच सांभाळणारी वस्तू स्वतः तापू नये, म्हणून तिला सांभाळणारी आणखी एक वस्तू. बायकोला हे फार ओळखीचं वाटलं.

हे सगळं बसवायला डबा हवा होता. बुवांची नजर बायकोच्या सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यावर गेली. सुया, रिळं, बटणं एका पिशवीत गेली आणि डब्याला भोकं पडली. बुवा दर संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वायरी सोलत बसत, आणि घरचे लोक ताटं मांडीवर घेऊन जेवत.

अखेर पिन लागली. कंट्रोलरवर लाल आकडे उजळले. बुवांनी अभिमानाने डब्यावर हात ठेवला आणि झटका बसताच काढून घेतला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो सासूबाईंनाही स्वच्छ ऐकू आला.

मेव्हण्याला बोलावणं गेलं. त्याने डबा उघडला, आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊजी, पत्र्याच्या डब्याला अर्थिंग आहे का?"

"या सगळ्यालाच काही अर्थ आहे का, ते विचार त्यांना," बायको आतून म्हणाली.

मेव्हण्याने वायरी पुन्हा जोडल्या, डब्याला अर्थिंग दिलं, फ्यूज घातला आणि बहिणीच्या हातचा चहा पिऊन गेला. बुवांनी दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलं, "सगळं स्वतः केलं. मेव्हणा होता, पण नुसता बघायला."

आता यंत्र चालत होतं, पण कसं? बुवांनी त्याला एकशे दहा अंश सांगितलं की ते मुकाट्याने एकशे दहापर्यंत कपाटातली तापणारी कॉइल पेटवून ठेवी आणि मग बंद करी. पण तापलेली कॉइल लगेच थोडीच निवते? आकडा एकशे चाळीसवर जाई. मग उतरायला लागला की नव्वदच्या खाली जाई. कॉइल पुन्हा पेटे. दिवसभर हा झोपाळा. मांस बिचारं आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून आगीत.

"यात ते शिकायचं बटण आहे," मेव्हण्याने फोनवर सांगितलं. "ते दाबा. यंत्र दोन-चारदा वरखाली जाईल, आपलं आपण ओळखेल की हे कपाट किती हळू तापतं, किती हळू निवतं. मग आकड्याच्या अलीकडेच हात आवरायला शिकेल. फक्त तेवढा वेळ दार उघडू नका. कशाला हात लावू नका."

बुवा हो म्हणाले. पण हात लावू नका हे त्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. यंत्र शिकायला बसलं, आकडा एकशे वीसवर गेला, आणि बुवांनी दार उघडलं. "फार चढत होता." यंत्र गोंधळलं. पुन्हा शिकायला बसवलं. आकडा पडू लागला, बुवांनी हाताने कॉइल चालू केली. "फार पडत होता." यंत्राने जे काही शिकायचं ते शिकलं: या घरात कशाचाच भरवसा नाही.

अशा शिकलेल्या यंत्राच्या जोरावर त्यांनी जेवणाचं आमंत्रण दिलं. मेव्हणा आणि त्याची बायको, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, आणि सध्या गाडी शिकत असलेल्या एक बाई. या बाई पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या. जन्म दुसऱ्यांची पत्रं पोचवण्यात गेला, आता स्वतः कुठेतरी पोचावं म्हणून त्यांनी गाडी शिकायला घेतली होती. परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा ब्रेक उशिरा लावल्यामुळे.

खाटकाकडून खांद्याचा भलाथोरला तुकडा आला. पहाटेपासून धूर निघत होता. बुवा दर थोड्या वेळाने दार उघडून बघत आणि आत येऊन सांगत, "जमतंय." अशाच एका पाहणीत सळईची वायर दारात अडकली. सळई ओढली जाऊन बाहेर आली आणि गॅलरीच्या गार फरशीवर पडली. बुवांनी दार लावलं आणि ते पाहुण्यांना आपला कंट्रोलर समजावून सांगायला आत गेले.

फरशी गार होती. कंट्रोलर प्रामाणिक होता. सळई त्याला सांगत होती की थंडी आहे, म्हणून तो कॉइल पेटवत राहिला. बुवा आत सांगत होते, "माणसाचं लक्ष चुकेल, यंत्राचं नाही चुकणार." यंत्राचं लक्ष खरोखरच चुकलं नाही. गॅलरीच्या फरशीचं तापमान वाढवण्यासाठी त्याने जिवाचं रान केलं.

धूर काळा झाला तेव्हा बुवा म्हणाले, "आता रंग धरतोय." समोरच्या इमारतीतल्या माणसाने ओरडून विचारलं की अग्निशमन दल बोलवू का, तेव्हा ते उठले. दार उघडलं. आत जे होतं त्याला खाटकानेही ओळख दिली नसती.

सगळ्यांनी ब्रेड आणि अंडी खाल्ली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "धूर मात्र छान झाला होता." त्यांना खरंच धीर द्यायचा होता. म्हणूनच ते बुवांना फार लागलं.

त्या आठवड्यात पोस्टातल्या बाईंची शिकवणी होती. चौक जवळ आला, सिग्नल लाल होता, आणि बुवांचा पाय सवयीने खाली गेला. गाडी चौकाच्या बरीच आधी थांबली. मागच्याने हॉर्न वाजवला.

"बाई, अलीकडूनच पाय उचलायचा," बुवा म्हणाले. "सिग्नल गाठल्यावर ब्रेक लावून काय उपयोग? गाडी काय लगेच थांबते?"

बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मास्तर, खरं सांगू? ब्रेक लावायची वेळ कधी होते ते मला माहीतच नाही."

"म्हणजे? इतके महिने शिकवतोय."

"तुम्ही कुठे शिकवताय? तुम्ही लावताय. माझा पाय जायच्या आत तुमचा गेलेला असतो. परीक्षेत तो साहेब बाजूला नुसता बसतो हो. मी आपली वाट बघते, आता लागेल, आता लागेल."

बुवांनी तोंड उघडलं. "सिग्नल हिरवा झाला" एवढंच म्हणाले.

घरी येऊन ते गॅलरीत उभे राहिले. काजळी धरलेल्या कपाटाकडे बघत बराच वेळ. बायकोने विचारलं, दात दुखतोय का. ते नाही म्हणाले. मग त्यांनी आपण होऊन मेव्हण्याला फोन लावला आणि आवाज शक्य तितका रुबाबदार ठेवून म्हणाले, "रविवारी ये. यंत्राला शिकायला बसवू. तू बस त्याच्यापाशी. मी घरात नसलेलाच बरा."

पलीकडे मेव्हणा "बरं" म्हणाला. नंतर त्याने बहिणीला वेगळा फोन करून विचारलं, "भाऊजींची तब्येत बरी आहे ना?"

रविवारी मेव्हण्याने आधी सळई आतल्या जाळीला तारेने पक्की बांधली. मग खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. बायको बुवांना आणि सासूबाईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात गेली. तिथे सासूबाई फ्रेमा लावून बघत होत्या आणि बुवा खिशातला फोन काढत होते, ठेवत होते.

"बसा, होतंय," बायको म्हणाली.

परतले तेव्हा आकडा एकशे दहावर होता. एकशे अकरा झाला, पुन्हा एकशे दहा. बुवांनी बराच वेळ पाहिलं. तो हलेचना. मेव्हणा पेपरात तोंड खुपसून शब्दकोडं सोडवत होता. "काय केलंस?" बुवांनी विचारलं.

"काहीच नाही," मेव्हणा म्हणाला. "तेच करायचं होतं."

पुढच्या शिकवणीला बुवांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि दाराची मूठ धरली. चौक आला. गाडी चालली होती तशीच चालली होती. बुवांच्या पायाच्या बोटांनी बुटात मूठ आवळली. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचे पाय जागेवर नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या किंचाळल्या. मग त्यांनी स्वतः ब्रेक लावला. गाडी थांबायच्या पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे जाऊन एका कचऱ्याच्या पिंपाला हलकेच टेकली.

"उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"झाला," बुवा म्हणाले. "पण तुमचा तुम्ही केलात." ते खाली उतरले, पिंप सरळ केलं आणि पुन्हा येऊन बसले. पुढच्या चौकात गाडी पट्ट्याच्या बरीच मागे थांबली. त्याच्या पुढच्या चौकात, पट्ट्यावर.

बाई तिसऱ्या खेपेला पास झाल्या. हे सगळं आपल्या शिकवण्याच्या नव्या पद्धतीमुळे, असं बुवांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला सांगितलं. पद्धत काय, असं मालकाने विचारलं तेव्हा मात्र त्यांना सांगता येईना.

त्या आनंदात पुन्हा खांद्याचा तुकडा आला, पुन्हा तीच मंडळी जमली. बाई स्वतः गाडी चालवत आल्या आणि ती फुटपाथवर अर्धी चढवून ठेवली. या वेळी मांस असं झालं होतं की सुरी नुसती टेकवली तरी ते सुटून येत होतं. सासूबाईंनी कवळी न लावता खाल्लं आणि पुन्हा ताट पुढे केलं. सगळे जेवणात गर्क होते. एकट्या बुवांचं लक्ष ताटात नव्हतं. गॅलरीत यंत्र आपलं आपण चाललं होतं, आणि त्यांना उठायला काही कारण उरलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर ते चहाचा कप घेऊन कपाटापाशी जाऊन बसले. आत उरलेला एक तुकडा होता. आकडा एकशे दहा. थोड्या वेळाने बायको दुसरी खुर्ची घेऊन बाहेर आली.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग सरका जरा," ती म्हणाली, आणि खुर्ची टेकवून शेजारी बसली.