एकोणचाळीस अंगठे

"तुमचे वडील किती वेळा आत गेले होते, ते सांगा जरा सगळ्यांना."

माझे मार्गदर्शक सर हे कन्नडमधून म्हणाले. हसत म्हणाले. बेळगावातल्या आमच्या संस्थेचं सभागृह नव्याने भरती झालेल्या पोलीस अधिकाऱ्यांनी भरलं होतं. पहिल्या रांगेत खात्याचे एक वरिष्ठ साहेब बसले होते. पडद्यावर आमच्या संशोधन प्रकल्पाचं नाव होतं : पोलीस आणि वस्ती यांच्यातील विश्वास. मी पडद्याच्या कडेला उभी होते. सरांनी खूण केली की पुढची स्लाईड आणायची, एवढंच माझं काम होतं.

"तीनदा," मी म्हणाले.

"माईकमध्ये बोला, ताई. मागे ऐकू गेलं नाही."

मी माईक तोंडाजवळ धरला. "तीनदा."

"बघा. आणि मुलगी आज संशोधक आहे," सर सभागृहाकडे वळून म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी होत्या हे मला जरा उशिरा समजलं.

आप्पा तिन्ही वेळा निर्दोष सुटले होते. ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, ही माझी लहानपणापासूनची शिस्त. त्या शिस्तीवर मी शाळा शिकले, डीएड झाले, निपाणीच्या एका मराठी शाळेत वीस वर्षं मुलांना पाढे शिकवले.

जेवणात पुरी होती. मी दोन खाल्ल्या. चव लागली नाही असं म्हणायला हवं, पण तसं काही झालं नाही. चव नेहमीसारखीच होती.

नोकरी करता करता बाहेरून एमए केलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी संशोधनाला नाव नोंदवलं. बिनपगारी रजा घेतली. सर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांचे वडील प्राध्यापक, आजोबा वकील. आवाज कधी चढत नाही. मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, तुमच्यासारखं माणूस मिळणं हे आमचं भाग्य. आमच्याशी ती वस्ती बोलणारच नाही." मी हे कौतुक समजले आणि घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

ती वस्ती म्हणजे माझं माहेर. निपाणीकडून बोरगावकडे जाताना रस्त्याच्या खाली उतरलं की आमची घरं लागतात. इंग्रजांनी आमच्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा कधीच गेला. सवय राहिली. सण जवळ आला, मोठा बंदोबस्त लागला, कुठे घरफोडी झाली की गाडी आधी आमच्याकडे वळते. दोन दिवस, तीन दिवस. कागदावर कुठेच काही नाही. मग सोडतात.

हेच आम्हाला प्रकल्पात विचारायचं होतं. पैसा सरकारी होता. प्रश्न सरांचे होते. जीभ माझी.

मुलाखतीआधी संमतीपत्र घ्यावं लागतं. ते इंग्रजीत आणि कन्नडमध्ये छापलेलं होतं. वस्तीत बोलतात मराठी आणि आमची बोली. म्हणून प्रत्येक घरी बसून मी ते मराठीत सांगत असे. त्यात एक वाक्य होतं : तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. हे वाक्य मी एकोणचाळीस घरांत उच्चारलं.

आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरचा कागद घरात आला की पुरुष मागे सरतात आणि बायका पुढे होतात. पुरुषांचे अंगठे ठाण्यात आधीच असतात. बायकांचे नसतात. म्हणून घरातल्या कुठल्याही कागदावर बाईचा अंगठा. शाळेचा दाखला असो, रेशनचं कार्ड असो. सही येणाऱ्या सुनासुद्धा सासूसारखा अंगठाच पुढे करतात. आमच्या मुलाखतींतही तसंच झालं. बोलले बहुतेक पुरुष, अंगठा दिला बायकांनी. हे नियमात बसत नव्हतं. मी चालवून घेतलं, कारण मला ती रीत माहीत होती आणि सरांना ती समजावून सांगायचं धाडस नव्हतं.

माझी मावशी तेव्हा शाई लावलेला अंगठा वर धरून बसली होती.

"अंगठा कशाला गं? तू आमची न्हवंस व्हय?"

"नियम हाय, मावशी."

"नियम म्हंजे आमचा लई जवळचा पावणा," ती म्हणाली. "न सांगता येतोय, बसतोय, जेवून जातोय. जाताना एकाला संगं न्हेतोय."

घरातले सगळे हसले. मीही हसले. मग तिच्या जावयाने सांगितलं. गेल्या गणपतीच्या आधी त्याला 'खबरदारी' म्हणून उचललं. तीन दिवस ठेवलं. परत आला तेव्हा उजवं मनगट फिरत नव्हतं. कोणी मारलं, कशाने मारलं, मारताना काय बोलत होते, सगळं सांगितलं. अर्धा तास न थांबता बोलला. तो याविषयी बायकोशीही बोलला नव्हता, हे मावशीने मला मागाहून सांगितलं.

घरी येऊन मी ती मुलाखत लिहून काढली. त्याचं नाव गाळलं. वर फक्त क्रमांक घातला. आणि कागद मागेपुढे होऊ नयेत म्हणून तोच क्रमांक, घरातलं नाव आणि अंगठा असलेल्या संमतीपत्राच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिला. एकोणचाळीस पत्रांवर लिहिला. तसं करू नये हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला समजायला हवं होतं. माझं अक्षर चांगलं आहे. तेच नडलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर सरांनी मला खोलीत बोलावलं. वरिष्ठ साहेब तिथे चहा घेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरांशीच बोलले.

"दोन-तीन उत्तरं फार गंभीर आहेत. असं काही कुणी बोललं असेल तर आम्हाला पडताळायला नको का?"

"नक्कीच," सर म्हणाले. "ताई, संमतीपत्रं तुमच्याकडेच आहेत ना? सोमवारी घेऊन या. साहेबांच्या ऑफिसला एक संच देऊ."

"हो सर," मी म्हणाले.

हे मला लपवता आलं असतं. इथे 'मी ताडकन उत्तर दिलं' असंही लिहिता आलं असतं. पण मी 'हो सर' म्हणाले. साहेबांचा रिकामा कप उचलून टेबलाच्या कडेला ठेवला आणि निपाणीची बस धरली.

रविवारी सकाळी मी वस्तीत गेले. मनाशी ठरवलं होतं की लोकांना पुन्हा एकदा विचारून परवानगी घ्यावी. म्हणजे सगळं रीतसर होईल. मी अजून रीतसरच विचार करत होते.

मावशी दारात भांडी घासत होती. जावई भिंतीला टेकून बसला होता. मी म्हणाले, "मावशी, त्यो कागद जरा फुडं द्यावा लागंल. दिऊ?"

"दे की," ती मान वर न करता म्हणाली. "तू म्हणतीस म्हंजे ठीकच असंल."

मी तिथेच थांबायला हवं होतं. परवानगी मिळाली होती. पण तिचं ते 'दे की' ऐकलं आणि मला माझंच 'हो सर' ऐकू आलं. ती मला जशी हो म्हणाली, तशीच मी सरांना म्हणाले होते. सर साहेबांना म्हणाले होते. कोणीच कोणावर जबरदस्ती केली नव्हती. एका होकाराच्या खाली दुसरा होकार, आणि सगळ्यात तळाशी हा माणूस, मनगट न फिरणारा.

"पोलिसांच्या साहेबास्नी द्याचा हाय," मी म्हणाले. "त्यावर नंबर हाय. नंबरावरनं कळतंय कोण काय बोललं त्ये."

मावशीचा हात थांबला.

जावई उठला. आत गेला. दोरीवरचे दोन शर्ट काढले, एक लुंगी काढली आणि डाव्या हाताने गाठोडं बांधू लागला. गाठ नीट बसेना, तेव्हा दातांत धरून ओढली.

"कुठं निगालास रं?" मावशीने विचारलं.

"सांबऱ्याला. भनीकडं."

"आरं, आजून काय झालंय का?"

"व्हायच्या आदीच जायाचं असतंय, मामी."

तो माझ्या शेजारून गेला. माझ्याकडे रागाने बघेल असं वाटलं होतं. त्याने पाहिलंच नाही. रस्त्याच्या चढावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. मग मावशी बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पोलीस बूट घालून येतोय. आमाला लांबनंच कळतंय. तू चपला भाईर काडून आलीस गं."

मी चपला घालून निघाले.

सोमवारी सरांच्या खोलीत गेले तेव्हा माझ्या हातात फक्त पर्स होती.

"आणलीत?"

"नाही सर."

"विसरलात?"

"नाही. देणार नाही."

सर गोंधळले. माझ्या तोंडून 'नाही' त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. खरं तर मीही ऐकलं नव्हतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग समजावलं. हे संशोधन सरकारी पैशाचं आहे, ताई. म्हणजे ही माहिती सरकारची आहे. ती दडवून ठेवणं हा जनतेशी अप्रामाणिकपणा होईल.

"सर, माझी मावशी काडीपेटी घेते तेव्हा तीही कर भरते. जनतेत तीसुद्धा येते."

"तुम्ही भावनिक होताय."

मी भावनिक नव्हते. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. समोरच्या कपाटातल्या फाइली मी मोजत होते.

"नाव कळणार नाही, हे वाक्य तुम्ही लिहिलंत," मी म्हणाले. "पण बोलले मी. माझ्या तोंडून गेलंय ते. तुम्हाला ते मागे घेता येणार नाही."

सरांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तुमचा प्रबंध माझ्या सहीशिवाय पुढे जाणार नाही, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग सही करू नका."

खाली येऊन मी जिन्याच्या पायरीवर बराच वेळ बसले. रडू आलं नाही.

त्या आठवड्यात मी एकोणचाळीस घरी जाऊन एकोणचाळीस कागद परत दिले. कोपऱ्यातला क्रमांक कसा आला, तो मीच कसा लिहिला, हे प्रत्येक घरी सांगितलं. काहींनी कागद चुलीत घातला. एका म्हातारीने घडी करून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "सरकारनं परत दिलेला ह्यो पयलाच कागद." एका घराने दारच उघडलं नाही. मी तिथे फटीतून आत सरकवला. मावशीने कागद घेतला. बस म्हणाली नाही. जावई अजून सांबऱ्याहून आलेला नाही. तो कधी येईल हे मी विचारलं नाही, आणि विचारायचा मला अधिकारही नाही.

आता मला नोटीस आली आहे. संस्थेची कागदपत्रं परस्पर नष्ट केल्याचा आरोप आहे. चौकशी समिती बसेल. नोंदणी रद्द होईल, असं ऑफिसातल्या कारकुनाने मला सहानुभूतीने सांगितलं. माफीचा एक कच्चा मसुदाही त्याने करून दिला, सभ्य भाषेत. तो मी वाचला आणि त्याला परत केला.

ज्यांनी या प्रकल्पाला निधी दिला त्यांना मी पत्र लिहिलं आहे. पोलिसांविरुद्ध बोललेल्या माणसांची नावं पडताळणीसाठी पोलिसांनाच देण्याचं ठरलं होतं, हे कोणत्या खोलीत, कोणासमोर, कोणत्या शब्दांत ठरलं, ते त्यात आहे. मी तेव्हा 'हो' म्हणाले होते, तेही आहे. त्या पत्रात वस्तीतलं एकही नाव नाही. माझं आहे.

समितीने पाठवलेल्या प्रश्नांत पाचवा प्रश्न असा आहे : मुलाखती देणाऱ्या व्यक्तींची ओळख आपणास आठवते काय?

आठवते. एकोणचाळीस जणांची, चेहऱ्यासकट, आवाजासकट. मी उत्तरात लिहिलं आहे : "होय, आठवते. सांगणार नाही." समिती बोलावेल तेव्हा तिच्यासमोर उभी राहून मी हेच म्हणेन. त्यानंतर कोर्टाने विचारलं तर कोर्टातही हेच.