टाळ्यांसाठी मोडलेल्या माना

इथे परदेशात, मनुरेवा या आमच्या उपनगरात, कुणा मराठी माणसाकडे जेवायला गेलं, की जेवणानंतर माझी पाळी येते. पावभाजीचे हात पुसत कुणीतरी कार्पेटवर पालथं पडतं आणि म्हणतं, "डॉक्टर, जरा पाठ मोडा की." मी ऑस्टिओपॅथ आहे. आठवडाभर लोकांच्या पाठी, माना, खुबे हाताळतो. सांध्यातून येणारा तो 'कट्' आवाज म्हणजे बरं झाल्याची खूण नव्हे, हे क्लिनिकमध्ये प्रत्येकाला समजावतो. अशा घरांत मात्र गप्प बसतो. आवाज आला की टाळ्या पडतात, आणि त्या मला हव्या असतात. याची मला शिसारी येते. तरी मी जातो.

गेल्या महिन्यात यजमानीणबाईच खुर्चीत येऊन बसल्या. मान धरली होती आणि वर पाहिलं की गरगरत होतं. अशा वेळी मान झटकायची नसते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

"वहिनी, आधी तुमच्या फॅमिली डॉक्टरला, जीपीला दाखवा."

"मंगळवारची अपॉइंटमेंट आहे हो. तोवर तुम्ही करा काहीतरी."

"फुकटात आवाज काढत नाहीत डॉक्टर," त्यांचा नवरा म्हणाला. सगळे हसले.

मी त्यांच्या हनुवटीला हात लावला आणि मान जराही न वळवता त्यांच्या कानाशी स्वतःचं बोट मोडलं. कट्. टाळ्या पडल्या. मोबाइलवर शूटिंग करणारा त्यांचा मुलगा म्हणाला, "दॅट वॉज सो लाउड."

वहिनींनी डोळे मिटले. "गेलं बघा सगळं. मंगळवारचं कॅन्सल करून टाकते," म्हणत त्यांनी फोन उचलला.

माझ्या बोटांना त्यांच्या केसांतल्या तेलाचा वास येत होता.

"वहिनी, कॅन्सल करू नका. मी तुमच्या मानेला काहीच केलेलं नाही. ते माझं बोट होतं."

"पण मला बरं वाटतंय ना."

"वाटतंय तेवढंच. चक्कर का येते ते मला माहीत नाही."

"मग माझी कंबर मोडली होतीत, तेही असंच?" नवऱ्याने विचारलं.

"तेव्हा खरंच मोडली होती. पण तुम्हाला तपासलं नव्हतं. सगळे बघत होते, म्हणून मोडली."

बायकोच्या हातातला फोन काढून घेऊन त्याने खिशात टाकला. "मंगळवारी मी सुट्टी घेतो," तो तिला म्हणाला. "आपण दोघं जाऊ."

मग चहा झाला. मला 'घेणार का' असंही कुणी विचारलं नाही.