सुनांना नाही, लेकींना

माझ्या आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं. पण आमच्या घराण्यात काय चाललं आहे ते तिनं जसं ओळखलं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

निजामाचं राज्य जायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. भोकरदनजवळच्या माहेरी मी पहिल्या बाळंतपणाला आले होते. मुलगी झाली होती, तिला तिसरा महिना लागला होता. आत्या धावड्याला दिलेली. नवरा लवकर गेला, तेव्हापासून शेती तीच बघायची. एका दुपारी ती बैलगाडीतून दारात उतरली आणि पाणीही न पिता माझ्या वडलांना म्हणाली, "दादा, मला गाठ आलीय. जालन्याला जायचंय, जल्दी."

"कुठं आलीय?"

तिनं पदरावरून उजव्या छातीला हात लावला. वडील खाली बघू लागले.

हे दुखणं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, आई त्यानं गेली, आजोबांच्या दोन बहिणी गेल्या, आत्याची थोरली बहीण गेली. त्या बहिणीची जखम शेवटपर्यंत आत्यानंच धुतली होती. गाव म्हणायचं, या घराला कुण्या बाईचा तळतळाट लागलाय.

"अक्का गेल्यापासून दर आवसंला न्हाताना मी चाचपून बघते," आत्या म्हणाली. "मागल्या आवसंला नव्हती. आता हरभऱ्याएवढी हाय."

"देवाचं काही राह्यलं असंल," वडील हळूच म्हणाले.

"देवाचं राह्यलं असतं तर सुनांला नसतं का झालं? याच घरात राह्यल्या, याच आडाचं पाणी पेल्या, याच चुलीवरचं खाल्लं. एका तरी सुनेला झालं का? झालं ते लेकींला. हे रक्तातून येऊन राह्यलंय, दादा."

"पण आबाला तर काही झालं न्हाई."

"न्हाई झालं. तरी मला अन् अक्काला आलं ते आबाकडूनच. मायच्या माहेरी कुणालाच न्हाई, मंग दुसरी वाट कोणती?"

मी कोपऱ्यात मुलीला पदराखाली घेऊन बसले होते. वडलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि उठून बैलांना पेंड घालायला गेले.

बाईमाणसाबरोबर बाईमाणूस हवं म्हणून वडील आणि आत्याबरोबर मीही निघाले, तान्ही मुलगी मांडीवर घेऊन. गाडीनं दोन दिवस लागले. जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टर बाईच होत्या, नगरकडच्या. त्यांनी गाठ तपासली आणि घरात आणखी कुणाला होतं का, असं विचारलं. आत्यानं सगळं सांगितलं, सुनांचंही. बाईंनी लिहिणं थांबवलं.

"हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? बघितलं."

मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि आत्याला पुन्हा सावकाश सांगायला लावलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. जिला हे दुखणं झालं तिचा गोल शाईनं भरायचा. पाच गोल काळे झाले, पाचवा आत्याचा. आजोबांचा चौकोन मधे कोराच. "यांना मुली?" बाईंनी वडलांकडं बघून विचारलं. "एक. ही," वडील म्हणाले. त्यांच्या चौकोनाखाली एक गोल आला, कोरा. त्याखाली बाईंनी आणखी एक बारका गोल काढला, माझ्या मांडीवरच्या मुलीचा.

मला भीती वाटायला हवी होती, पण त्या घडीला वाटली नाही. मी न पाहिलेली पणजी त्या कागदावर माझ्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि तिथून इथपर्यंत काहीतरी न दिसता, न बोलता, एका निरोगी माणसाच्या अंगातून चालत आलं होतं. मी नुसती बघत राहिले.

"माझ्या पुस्तकांत अशी घराणी लिहिलेली आहेत," बाई म्हणाल्या. "असं का होतं, ते पुस्तकांनाही माहीत नाही. पण तुम्ही लवकर आलात. पूर्ण छाती काढावी लागेल."

"काढा," आत्या म्हणाली. "आता कुणाला पाजायचं राह्यलं न्हाई. अन् कणसं खुडायला हात पुरतात."

तिचा उजवा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. ती डाव्या हातानं खुडायला शिकली.

परत येताना एका विहिरीवर बैल सोडले होते. वडील माझ्याजवळ येऊन बसले. "माह्याकडून तुला आलं असंल का?"

"नाक तर तुमचंच आलंय," मी म्हणाले. "बाकीचं बघू."

घरी आल्यावर आत्यानं सांगितलं, घरातल्या सगळ्या लेकी बोलवा, मला बोलायचंय. चुलते चिडले. "ही गोष्ट बाहेर गेली तर पोरींची लग्नं व्हायची न्हाईत."

"लग्न झालेल्याबी मेल्याच की," आत्या म्हणाली.

चुलते वडलांकडं बघत राहिले. वडलांनी पागोटं उचललं आणि स्वतः घरोघर जाऊन लेकींना घेऊन आले. माजघराचं दार लावून आत्यानं चोळी सोडली, आम्हांला व्रण दाखवला, आणि कसं चाचपायचं ते एकेकीचा हात धरून शिकवलं.

त्यातल्या दोघींना पुढं गाठ आली. एक वेळेत जालन्याला पोचली. दुसरीनं सासरच्या भीतीनं लपवली, ती गेली. मला काही झालं नाही. आत्या त्यानंतर तीस वर्षं जगली आणि हिवतापानं गेली. माझी मुलगी वयात आली, तेव्हापासून आत्या धावड्याहून आली की आधी तिला आत न्यायची आणि विचारायची, "या आवसंला बघितलं का?"