वहिनी, तुम्ही यात पडू नका

कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती उजेडाकडे धरायचा, डावा डोळा मिटायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "रिजेक्ट." मग ती वस्तू म्हणजे गाडीचा बोल्ट असो, नाहीतर मी पहाटे उठून केलेला उकडीचा मोदक.

मोदकाचं खरंच झालं होतं. आमच्या गुडगावच्या सोसायटीत मराठी घरं सात. सातांचा मिळून एक गणपती, तळमजल्यावर जनरेटरच्या खोलीशेजारी. आरती झाल्यावर त्यानं माझा मोदक ट्यूबलाइटखाली धरला, बोटानं कळ्या चाचपल्या आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "वहिनी, अकराच आहेत. त्यातही एक दुसरीवर चढलीय. रिजेक्ट." मग तो मोदक खाल्ला. त्यानंतर आणखी चार रिजेक्ट मोदक खाल्ले.

मी त्याला "तो" म्हणते म्हणून नाक मुरडू नका. तोंडावर मी "भावोजी" आणि "तुम्ही"च म्हणायचे. समोरच्या फ्लॅटमधला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस. पण मनात तो कायम "तो"च होता, आणि हे सगळं मनातलंच आहे.

मूळचा ठाण्याचा. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात माल तपासायचं काम करायचा. पट्ट्यावरून भाग पुढे सरकत यायचे, हा खराब भाग बाजूला काढून त्यावर लाल गोल स्टिकर लावायचा. काम प्रामाणिक आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण हा माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला तरी पट्ट्यापाशीच उभा असायचा. सोसायटीची लिफ्ट रिजेक्ट. माळ्यानं लावलेला चाफा रिजेक्ट. बायकोनं केलेली भाजी रोज रिजेक्ट. खिशात स्टिकरांचा रोल असायचा आणि एकदा त्यानं तो आमच्या दाराच्या बेलवर चालवला, कारण ती म्हणे घोगरी वाजते. असा एखादा तुमच्याही जिन्यात असेलच.

एका जानेवारीत आम्ही सातही घरं बस करून पानिपतला गेलो. काला अंबच्या त्या युद्धस्मारकाच्या स्तंभापाशी गेलं की मराठी माणूस आपोआप गप्प होतो. माझ्या नवऱ्यानं चपला काढल्या. एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. यानं स्तंभाच्या दगडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "शौर्य वगैरे ठीक आहे हो. पण रसद? रसदीचं प्लॅनिंग सपशेल रिजेक्ट." परतीच्या वाटेवर त्याच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. त्याला ते कळलंसुद्धा नाही. दोन सीटवर पाय पसरून झोपला.

आता माझ्याबद्दल थोडं. मुंबईत मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही इकडे आलो. तेव्हाचं गुडगाव म्हणजे काचेच्या इमारती, त्यांच्यामध्ये मोहरीची शेतं, आणि गेटबाहेर रिक्षा मिळाली तर नशीब. नवरा महिन्यातले पंधरा दिवस टूरवर. मला नोकरी मिळेना. घरात एक कॉम्प्युटर होता, नवऱ्याच्या ऑफिसनं जुना झाला म्हणून काढून टाकलेला. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. दुपारी कंटाळून मी तो सुरू केला आणि चौतिसाव्या वर्षी मला त्याचं अक्षरशः वेड लागलं.

मला खरी गाडी येत नाही. तिथे मात्र मी डोंगराच्या वळणावर दीडशेनं लाल मोटार घालायचे. अडचण एकच होती. वळणावर मोटार शिरली की चित्र गोठायचं, आणि पुन्हा हलायला लागेपर्यंत मोटार भिंतीत गेलेली असायची. बिचाऱ्या जुन्या प्रोसेसरला हिशेब झेपत नव्हता. नवा प्रोसेसर घालावा तर तो जुन्या मदरबोर्डवर बसत नाही, त्याचं खाचेचं माप वेगळं. म्हणजे दोन्ही बदलायला हवं. हे सगळं मी मासिकांतून वाचून काढलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "घे की, वाढदिवसाचं समज. पण समोरच्यांना बरोबर ने. त्यांना मालातलं कळतं."

मालातलं कळणारा आला. कॅबिनेटवर बोटाच्या पेरानं टकटक केली. "डबडं आहे हे. कोण खेळतं यावर?"

"मी."

तो हसला. हसला म्हणजे पोट धरून हसला. "वहिनी, तुम्ही? अहो, पत्त्यांचा खेळ असतो ना त्यात? त्याला कशाला हवा नवा प्रोसेसर!" मग डोळे पुसत म्हणाला, "ठीक आहे. मी करून देतो. फक्त तुम्ही यात पडू नका."

हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. पहिलं वस्तूंसाठी, हे बायकांसाठी.

दिल्लीत नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात, एका दुकानात त्यानं काउंटरवर कोपर टेकलं आणि जो मदरबोर्ड समोर येईल तो उजेडाकडे धरून परत केला. "भाईसाब, ये नहीं चलेगा. दुसरा दिखाव." दुकानदार गोड माणूस. "जी, बिल्कुल. साहब तो बड़े जानकार हैं." असे पाच बोर्ड झाले. सहाव्या वेळी दुकानदारानं खाली वाकून पहिलाच बोर्ड पुन्हा वर काढला. खोक्याचा कोपरा फाटलेला होता, मी ओळखला. यानं डोळा मिटला, अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हा बघा. याला म्हणतात माल." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी दुकानदाराकडे पाहिलं. मग त्यानं बोर्डाशेजारी प्रोसेसरचं खोकं ठेवलं आणि बिल फाडलं.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. मी माहितीपुस्तिका उघडली, तर त्यानं ती मिटून खुर्चीवर ठेवली आणि वर बसला. खरंच त्या पुस्तिकेवर बसला. पण मी ती आदल्या दिवशीच पाठ केली होती. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढी चौकोनी चकती, खाली केसासारख्या बारीक शेकडो पिना. तिच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो. बोर्डावरच्या खाचेलाही तशीच खूण असते. खुणेला खूण लावली की चकती स्वतःच्या वजनानं खाली बसते, दाबायची गरज नाही.

त्याची चकती बसेना.

"भावोजी, त्रिकोण उलट्या बाजूला आलाय."

"वहिनी, चहा टाका."

"दाबू नका. पुस्तिकेत लिहिलंय..."

"वहिनी! तुम्ही यात पडू नका म्हटलं ना?"

आणि त्यानं अंगठ्यानं दाबली. बारीकसा कट् असा आवाज झाला. उचलून पाहिलं तर एका कडेच्या चार पिना आडव्या झालेल्या. तो क्षणभर थांबला. मग खिशातून रोल काढला, प्रोसेसरच्या खोक्यावर लाल स्टिकर लावला आणि म्हणाला, "पीस डिफेक्टिव्ह आहे. उद्या परत करून येतो." चहा पिऊन गेला.

मी दार लावलं आणि रडले. वाढदिवसाची भेट होती, नवरा चेन्नईत होता, आणि वाकलेला प्रोसेसर कुठलाही दुकानदार परत घेत नाही एवढं मला माहीत होतं. रडून झाल्यावर खिडकीशी बसले. शिशाच्या काड्या घालायची पेन्सिल असते ना, तिच्यातली काडी काढून टाकली. टोकाला जे पोकळ नळकांडं उरतं, त्यात एकेक पिन घ्यायची आणि हळूहळू सरळ करायची. छापखान्यात दहा वर्षं अनुस्वार शोधण्यात गेलेली नजर होती माझी. दीड तासात चारही पिना उभ्या राहिल्या. चकती खाचेवर ठेवली, अलगद खाली बसली. उष्णता खेचणारं पांढरं मलम लावलं, पंखा बसवला, वायरी जोडल्या. बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. त्या दिवशी मी ते डोंगराचं वळण पार केलं, आणि पलीकडे समुद्र होता. तो खेळात आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवारी तो परत करायचा पीस न्यायला आला, आणि पडद्यावर मोटार धावताना पाहून दारातच थबकला. मला वाटलं, आता तरी. तो म्हणाला, "बघा! मी निवडलेला माल आहे." त्या आठवड्यात सातही घरांना कळलं की समोरच्या वहिनींचा कॉम्प्युटर त्यानं नवा करून दिला.

त्याची बायको, मी तिला ताई म्हणायचे, एका दुपारी विरजण मागायला आली आणि वाटी हातात घेऊन अख्खी शर्यत उभ्यानं पाहत राहिली. मी तिला खुर्चीवर बसवलं. पहिल्याच वळणाला ती दरीत गेली आणि इतकी हसली की वाटी कलंडली. दोन वर्षांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. जाताना म्हणाली, "ह्यांना सांगू नका हं."

पुढे साताठ महिन्यांनी एका शनिवारी बेल वाजली. तो होता. हातात कुंकवाची असावी तशी स्टीलची डबी, आत कापसावर एक प्रोसेसर. पिना वाकलेल्या, या वेळी तर दोन ओळी.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी... तो सरळ कसा केलात?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

प्रोसेसर त्याच्या प्लँट मॅनेजरच्या घरचा. त्यानं तिथेही फुशारकी मारून जोडणी अंगावर घेतली होती. कारखान्यात माल तपासायला परदेशी कॅमेरा येणार होता, तिघा तपासनिसांतला एकच ठेवणार होते, आणि तो एक ठरवणारा हाच मॅनेजर. सांगताना त्याच्या कपाळावर घाम होता. मला, खरं सांगते, आनंद झाला. मी त्याला बसा म्हटलं नाही. चकती त्याच्या हातात दिली. "त्रिकोण कुठाय, दाखवा."

तो खिडकीशी गेला. डोळा मिटला. बराच वेळ गेला. मग चकतीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्रिकोण समोरच्या कोपऱ्यावर होता, त्याच्या अंगठ्याच्या शेजारी.

मी चकती त्याच्या हातातून काढून घेतली. तोच बोलला. "डाव्यानं सगळं वाकडं दिसतं. म्हणून मिटतो. आता उजव्यातही मधोमध धुकं आलंय."

"किती दिवस?"

"तीन वर्षं होतील."

"आणि कारखान्यात?"

"बोटांना कळतं, वहिनी. खोट असली तर अंगठ्याला लागते. जिथे शंका येते तिथे रिजेक्ट. चांगला भाग फेकला तर कंपनीचं नुकसान. खराब सुटला तर रस्त्यावर कुणाचा तरी जीव जायचा."

"मग माझ्या वेळी शंका आली नाही?"

"आली होती." तो खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही बघत होता ना."

मी पेन्सिल काढली. दोन ओळी सरळ करायला दुपार गेली. तो शेजारी टॉर्च धरून उभा होता, आणि मी तीनदा "हलवू नका" म्हणून ओरडले, तिन्ही वेळा त्यानं हात सावरला. निघताना मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवा. ताईंना माहीत आहे का?" त्यानं मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही.

तो सुधारला असं वाटलं असेल तर चूक आहे. संक्रांतीच्या तिळगुळाला सगळे जमले असताना त्यानं मॅनेजरच्या कॉम्प्युटरची हकिकत रंगवून सांगितली. "मदरबोर्डचं काम फार नाजूक. वहिनी होत्या, चहाची सोय चांगली झाली." माझ्या हातात तिळाचा लाडू होता. कडक होता. नेम धरायचा मोह झाला.

उन्हाळ्यात कॅमेरा आला आणि तिघांतला एकही ठेवला नाही. ताई-भावोजींनी फ्लॅट विकला. ट्रक भरून झाल्यावर तो आमच्या दाराशी आला. आभार मानेल असं मला वाटलं, मी आहेच तशी मूर्ख. तो म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरचा पंखा घासतोय. जिन्यातून ऐकू येतं. बदला." संध्याकाळी मी कॅबिनेट उघडलं. पंख्याचं एक पातं खरंच चिरलेलं होतं.

दीड वर्षानं ठाण्याहून ताईचा फोन आला. कोण कसं आहे, हवा कशी, असं थोडं बोलून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचा तो मोटारींचा खेळ घेतलाय मी. भाच्याकडून."

"आणि भावोजी?"

"हे शेजारी बसतात. दिसत काही नाही आता फारसं. इंजिनाच्या आवाजावरून वळण सांगतात."

"बरोबर सांगतात?"

"छे! सुरुवातीला ऐकायचे, तर दर वेळी भिंतीत. आता ते सांगतात आणि मी माझी चालवते."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"असू दे हो. तेवढा वेळ कशालाच रिजेक्ट म्हणत नाहीत." पाठीमागून त्याचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा कडक. "डावीकडे घे! डावीकडे! ब्रेक!"

"ठेवते हं," ताई घाईघाईनं म्हणाली, "शेवटची फेरी चालू आहे."