जेलर मॅडम

"घरात सगळ्यात निष्ठुर माणूस कोण?"

जनावरांच्या दवाखान्यात गेलं की नाव, वय, लसी असलं काहीतरी विचारतील अशी आपली अपेक्षा असते. जेलर मॅडम त्याऐवजी हे विचारायच्या, आणि तेही उभ्याउभ्या, तुमच्या कुत्र्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून. हा विनोद नसायचा, त्यांना उत्तर हवं असायचं. मग घरची मंडळी एकमेकांकडे पाहत, घसे खाकरत, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा एकाच माणसावर येऊन थांबत. आमच्या घरच्यांच्या माझ्यावर थांबल्या. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते. "पापा, आप ही हो ना," ती म्हणाली. बायकोला त्याच वेळी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "मग पिंजऱ्याची किल्ली यांच्यापाशी."

कुत्र्या-मांजरांची हाडं आणि मणके यांची शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या डॉक्टर. कापणं-शिवणं हा त्यांच्या मते सोपा भाग होता. अवघड होतं ते पुढचे काही आठवडे त्या जनावराला हलू न देणं. त्यासाठी पिंजरा, पिंजऱ्याला कुलूप आणि कुलपाला एक निष्ठुर माणूस. "मी बसवलेला मणका तुमची माया उखडून टाकते," हे त्या प्रत्येकाला ऐकवायच्या. दवाखान्यातल्या पोरांनी त्यांचं नाव 'जेलर मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

आता, सगळ्या रायपुरातल्या कुत्र्यांना सक्तीची विश्रांती देणारी ही बाई स्वतः एका जागी टिकत नसे. त्यांच्या खोलीतल्या खुर्चीवर जबडा मोडलेलं एक मांजर मुक्कामाला असायचं. मॅडम डबा चालत खायच्या, औषधाची चिठ्ठी भिंतीला टेकवून लिहायच्या. तुमचा दुसरा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत त्या अर्धा पॅसेज ओलांडून गेलेल्या असत. त्यांचा सल्ला हवा तर मागोमाग चालावं लागे, आणि लठ्ठ गिऱ्हाइकांना दम लागे. अशा माणसाच्या मागे काहीतरी दुःख असणार, असं समजायची आपल्याला हौस असते. मी एकदा विचारलंच.

"काही नाही हो भैया," त्या म्हणाल्या. "आईच्या पोटातही लाथाच मारून राहिली होती मी. दुःख झालं ते आईले."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या उद्घाटनाला. दवाखाना शंकर नगरातल्या एका संगमरवराच्या व्यापाऱ्यानं काढला होता. ते आमच्या गल्लीतले, म्हणून मला बोलावणं. जेवण चांगलं असणार म्हणून मी गेलो. आत पाऊल टाकलं तर जमीन अशी चकचकीत, की छताकडचे दिवे पायाखाली दिसावेत. दवाखाना आहे की दुकानाची दुसरी शाखा, असा प्रश्न पडावा. त्या फरशीवर मॅडमनी शाळेतल्यासारख्या गोणपाटाच्या टाटपट्ट्या अंथरल्या होत्या. शेठजींनी त्या उद्घाटनापुरत्या गुंडाळून मागे टाकायला लावल्या. फोटोत फरशी यायला हवी होती.

कार्यक्रमात एक भलामोठा कुत्रा पाहुण्यांसमोरून चालत जाणार होता. त्याच्या मांडीचं हाड मॅडमनी आधीच जोडलेलं, म्हणजे तो दवाखान्याचा चालता-बोलता पुरावा. पाहुण्यांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, पडदा सरकला. कुत्रा उंबऱ्यापाशी आला, त्यानं संगमरवराकडे पाहिलं, एक पंजा टेकवला, तो घसरला आणि त्यानं ठामपणे बसून घेतलं. पोरांनी पट्टा ओढला. शेठजींनी बिस्किट दाखवलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात मॅडम व्यासपीठावर चढल्या. सत्कारासाठी आणलेल्या शालींची परात तिथे होती. ती त्यांनी उचलली आणि घड्या मोडून एकेक शाल जमिनीवर टाकत कुत्र्यापर्यंत वाट केली. कुत्रा उठला आणि त्या जरीकाठावरून, एखाद्या निवृत्त कुलगुरूच्या चालीनं, शांतपणे चालत गेला. शेठजी कानाशी येऊन कुजबुजले, "मैडम, वो शॉल सम्मान के लिए थे." मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, "तो वही तो हुआ ना." माझ्या आयुष्यातला तो एकमेव सत्कार, जो मी शेवटपर्यंत पाहिला.

पुढे वर्षभरातच मालूचं प्रकरण झालं.

मालू म्हणजे आमच्या बाबांची डॅक्सहुंड, आखूड पायांची आणि विनाकारण लांब. बाबा मालगाडीवर गार्ड होते. निवृत्तीनंतर हे पिल्लू घरी आलं तेव्हा त्याची लांबी पाहून त्यांनी नाव ठेवलं 'मालगाडी', त्याचं झालं मालू. आई गेल्यावर बाबांनी घराबाहेर पडणं सोडल्यात जमा होतं. देवळात नाही, लग्नात नाही, जुन्या मित्रांकडे नाही. पण रोज पहाटे मालूला घेऊन तेलीबांध्याच्या तळ्यापर्यंत चालत जायचे. तिथे चार माणसं भेटत, चहा होई, सरकारला शिव्या होत. बाबा अजून जगात आहेत याचा तेवढाच एक धागा उरला होता, आणि तो गळ्यातल्या पट्ट्याला बांधलेला होता.

एका सकाळी मालू दिवाणावरून उतरली आणि पुढचे पाय चालले, मागचे फरफटत आले. बाबा वाकून बघत राहिले. "इंजिन चालू हाये," ते म्हणाले. "मागचे डबे सुटले."

दवाखान्यात मॅडमनी मालूला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "डबे जागेवर हायेत काका. मधली कपलिंग गेली." मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबली होती. मग त्यांनी एक चिमटा घेतला आणि मागच्या पायाचं बोट त्यात धरलं. "आता मी जोरात दाबते. हिले दुखलं तर आशा हाये. नाही दुखलं, तर मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

आमच्या घराण्यात कुणी कुणाला दुखावं म्हणून देवाला साकडं घातल्याची ती पहिलीच वेळ असेल. बाबांनी तोंड फिरवलं. मॅडमनी दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. मालू कुठेतरी दूर बघत होती, प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखी. मग तिनं मान वळवली आणि मॅडमच्या मनगटाला चावा घेतला.

"शाब्बास!" मॅडम ओरडल्या. रक्त टिपत त्यांनी पोरांना हाक मारली, "ऑपरेशन थिएटर तयार करो!" आणि त्यानंतर त्यांनी आम्हांला निष्ठुर माणसाचा प्रश्न विचारला.

ऑपरेशन नीट झालं. मालू पिंजऱ्यासकट घरी आली, पिंजरा दिवाणखान्यात आला, किल्ली माझ्या खिशात. मी ऑफिसातून दिवसातून कितीदा फोन करायचो ते सांगत नाही. आपण निष्ठुर आहोत हे जाहीर झाल्यावर माणसाची काळजी वाढते, असा माझा अनुभव आहे. मालू रडायची. रडणं कसलं, एक बारीक, चिवट, दाराच्या बिजागरीसारखा सूर, जो जेवताना, टीव्ही पाहताना, अंघोळीत, सगळीकडे ऐकू यायचा. बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. जे सांगायचं ते माझ्यासमोर मालूला सांगायचे. "काय करशील मालू, दिवस फिरले आपले. साहेब आले पाहा, चूप राह्य."

मॅडम मधेच, न कळवता, स्कूटरवरून टपकायच्या. चप्पल काढता काढता विचारायच्या, "सू झाली? शेपूट हालली?" पिंजऱ्याला एक फेरी, बाबांना एक फेरी, आणि गेल्या. एकदा शेपटीचं टोक हललं. नंतर मागच्या उजव्या पायाची बोटं हलली. त्या दिवशी मॅडमनी आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. आमच्याकडे त्याला समारंभ समजलं गेलं.

आणि मग एका दुपारी घरी आलो तर पिंजऱ्याचं कुलूप जागच्या जागी, पिंजरा रिकामा. बाबांनी मागच्या बाजूच्या बिजागरीचे स्क्रू काढले होते. चाळीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसापुढे माझ्या कुलपाची काय मातब्बरी! मालू सुटली ती फरफटत दिवाणाकडे गेली, सवयीनं वर झेपावली आणि पाठीवर आपटली. बाबा जमिनीवर बसले होते, ती त्यांच्या मांडीवर. ते तिची बोटं एकेक करून चाचपत होते. बोटं हलत नव्हती.

मॅडम आल्या. त्यांनी चिमटा काढला नाही, नुसतं बोटांनी पाहिलं. मग खोलीत फेऱ्या घालू लागल्या. दिवाणापासून दारापर्यंत, दारापासून फ्रीजपर्यंत. मला वाटलं, आता बाबांची खैर नाही.

"काका," त्या चालता चालता म्हणाल्या, "लाल सिग्नलवर कधी गाडी सोडली का हो तुम्ही?"

"नाही."

"आतले लोक बोंबलले तरी?"

"माझी मालगाडी होती बाई. आत कोळसा."

"पॅसेंजर असती तर?"

"तरी नाही."

"मग आज काहून सोडली?"

बाबांनी मालूवरून हात काढला नाही. "कोळसा माह्या मांडीवर झोपत नव्हता," ते म्हणाले.

मॅडम थांबल्या. फ्रीजपाशी, पाठ आमच्याकडे करून. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

मी दिली. त्यांनी ती बाबांच्या तळहातावर ठेवली. मी म्हटलं, "मॅडम, यांनीच तर..."

"तुम्ही चूप बसा हो. निष्ठुर माणूस कुलूप लावून ऑफिसात जातो. हे कुठं जाणार हायेत?" मग बाबांकडे वळून, "काका, मी परत पाठ उघडणार नाही. मले जमणार नाही अन् हिलेही सोसणार नाही. आता जे होईल ते नुसतं बसून होईल. बसाल?"

"हव," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या दिवाणखान्यात दोन कैदी झाले. बाबा पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, पण पाठ पिंजऱ्याकडे करून. तिचे डोळे दिसले तर हात स्क्रूकडे जातात, म्हणून. पेपर मोठ्यानं वाचायचे, अग्रलेखासकट. मालू रडली की बाबांचा आवाज चढायचा, बाबांचा आवाज चढला की मालू चढ्या आवाजात रडायची. लोकशाहीवरचे इतके उत्कट अग्रलेख मी दुसरीकडे ऐकलेले नाहीत. दिवसातून ठरल्या वेळी ते किल्ली फिरवायचे, तिला मांडीवर आडवी घेऊन मागचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवायचे, आणि परत आत. आत घालताना तिची माफी मागायचे. पण घालायचे. आणि हळूहळू ते माझ्याशी थेट बोलायला लागले. विषय बहुतेक वेळा मालूची सू हाच असे, पण बोलत होते.

दरम्यान दवाखान्यात मॅडमचं बिनसलं. जिथे बऱ्या होणाऱ्या कुत्र्यांचे पिंजरे होते, त्या खोलीत शेठजींना कुत्र्यांच्या वाढदिवसांचा हॉल करायचा होता. फुगे, केक, टोप्या. त्यात पैसा आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मॅडमनी भांडण केलं नाही. एका सकाळी आमच्या दारात स्कूटर थांबली आणि त्या वर न येता खालूनच ओरडल्या, "काका, गच्चीवर घ्या पोरीले! आज रायपूर सोडून राहिली मी. बघून जाते."

दूरच्या एका शहरात, जनावरांच्याच एका मोठ्या रुग्णालयात त्या चालल्या होत्या. तिकडच्या फरशीबद्दल मी काही विचारलं नाही.

गच्चीवर बायको झाडू घेऊन उभी होती. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या गच्चीवर काळ्या भुकटीचा थर बसतो. रोज झाडा, रोज बसतो. मॅडम जिन्यातूनच म्हणाल्या, "भाभी, झाडू नका! राहू द्या तसंच." त्यांनी बाबांना गच्चीच्या एका टोकाला उभं केलं, मालूला दुसऱ्या टोकाला जमिनीवर ठेवलं, आणि हात काढून घेतला.

मालू उभी राहिली. डुलली. बाबांनी हाक मारली नाही. मॅडम कठड्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि मी त्यांना पहिल्यांदाच एका अंगठ्याच्या नखानं दुसरा अंगठा कुरतडताना पाहिलं. मालूनं बाबांकडे बघितलं आणि निघाली. वाकडी, तिरपी, एकदा बसली, पुन्हा उठली. बाबांच्या पायाशी पोचून तिनं त्यांच्या पायजम्यात तोंड खुपसलं.

आम्ही तिच्याकडे बघत होतो. मॅडम वाकून जमीन बघत होत्या. काळ्या थरात मालूची वाट उमटली होती. पुढचे दोन पंजे स्वच्छ. मागचा उजवा स्वच्छ. मागच्या डाव्याच्या जागी पंजा नव्हता, एक रेघ होती, गच्चीभर ओढत गेलेली.

"हा पाय असाच घासेल," त्या म्हणाल्या. "जन्मभर. माझ्याकडून इतकंच झालं काका."

बाबांनी ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. "तळ्यापर्यंत जाईल का?"

"जाईल. पण पायाले रबराचा बूट घाला, नाहीतर कातडं सोलेल. अन् परत येताना थकली तर उचलून आणा."

"अन् मी थकलो तर?"

"मग दोघं बसा कुठंतरी," मॅडम म्हणाल्या. निरोपाचं बोलायला बाबा पुढे झाले, तोवर त्या जिन्यात होत्या, आणि हात जोडेपर्यंत खाली स्कूटर सुरू झाली होती.

बाबा सायकलच्या ट्यूबचा बूट शिवतात. थोड्या दिवसांत तो झिजतो, मग दुसरा. पहाटे दोघं निघतात तेव्हा मी अजून अंथरुणात असतो. उठतो, चहा घेतो, दाढीला साबण लावतो आणि मग आरशासमोर उभा राहतो, नळ बंद करून. रस्त्याच्या वळणावरून, कुत्री, दूधवाले आणि मोटारसायकली यांच्या गोंगाटातून, तीन वेळा टक आणि एकदा सर्र असा आवाज येतो. तो येईपर्यंत मला रेझर गालाला लावता येत नाही. कधीकधी उशीर होतो. साबण वाळून जातो.