मोरीतून कोण बोललं?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसणारी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण येऊ दे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोरेगाव पूर्व, दिंडोशीच्या वसाहतीतली आमची एक खोली, कोपऱ्यात मोरी. सकाळचे अकरा. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मला थंडी वाजून ताप यायचा. महापालिकेचा मलेरियावाला आधी बोट टोचून रक्त घेऊन गेला होता, क्लोरोक्विन देऊन गेला होता. त्या दिवशी दुसऱ्या गोळ्या घेऊन आला — प्रायमाक्विन. ताप उलटू नये म्हणून.

"गरोदर बाईला ही चालत नाही हां, बाळाच्या रक्तावर जाते," तो म्हणाला. आणि विचारलं कुणाला? सासूबाईंना! "मावशी, सुनेला दिवस नाहीत ना?"

मला दुसरा महिना होता. सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण तिसरा सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, नजर लागते...

"नाय रे बाबा, तसला काय नाय!"

आणि मी? हात पुढे केला! गोळी समोरच गिळायची असा त्याचा नियम. मी जिभेवर ठेवली, पेला उचलला.

"दुसरा महिना आहे तिला. थुंक ती गोळी!"

बाईचा आवाज. खणखणीत. मोरीतून.

मी थुंकलीच. मलेरियावाला मोरीकडे वळून चक्क ओरडला, "मग आधी सांगायला काय झालं होतं, बाई?" मी धावत जाऊन पाहिलं — कोरडी मोरी, पालथी बादली. माणूस नाही.

"ताप अंगात राहिला तरी बाळाला धोका, ही दिली तरी धोका," तो माझ्यावर करवादला. "क्लोरोक्विनवरच भागवू, ही बाळंतपणानंतर बघू. आणि उद्याच दवाखान्यात जा!"

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी काय ऐकूक नाय." खोटं! लगेच उठून मोरीपाशी दिवा लावला त्यांनी. मरेपर्यंत कबूल केलं नाही. अस्सा संताप यायचा!

मुलगी सुखरूप झाली. परवा तिला हे सगळं सांगितलं. वाटलं, आवाज कुणाचा म्हणून विचारेल. तिने विचारलं, "आई, गोळी तुझ्या तोंडात होती ना गं? मग तू का नाही बोललीस?"

आवाजाचं तर आजही काही सांगता येत नाही. पण सासूबाईंचा यायचा तो संताप आता माझाच मला येतो.