हगदीशकाकांचा फोन

सूड उगवल्यावर इतकं हलकं का वाटतं? मैत्रिणींनो, मला खरंच सांगता येणार नाही.

शेजारच्या देशात युद्ध पेटलंय, इथे सौदीतल्या दम्माममध्ये आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलोय. दुपारी गावाहून जगदीशकाकांचा फोन आला. घरातली पहिली मुलगी म्हणून मी कॉलेजात गेले, तेव्हा ‘पोरगी हातची गेली’ असं गावभर सांगणारे हेच. मेक्सिकन इंजिनिअरशी लग्न केल्यावर तर बोलणंच टाकलं.

आज माझी, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची खुशालीही न विचारता हुकूम सोडला, “आपल्यात मुलग्यांची नावं ‘जग’वरूनच. जगदीप ठेव.”

“काका, स्पॅनिश आणि इंग्रजीत नीट म्हणता यायला हवं.”

“शहाणपणा पुरे! त्याच्या बापाला म्हणायला लाव, येईल.”

लावलं. काकांचं आणि त्यांनी सुचवलेलं, दोन्ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहून नवऱ्यापुढे धरली आणि स्पीकर चालू केला. स्पॅनिशमध्ये ‘जे’चा उच्चार ‘ह’ होतो. तो बिचारा प्रेमाने म्हणाला, “नमस्कार, हगदीशकाका! हगदीप, छान!”

पलीकडे काकू खो खो हसत सुटल्या.

मी विचारलं, “काका, तुम्हीच सांगा, ठेवू?”

त्यांनी फोन आपटला.

बाळाचं नाव समीर. स्पॅनिश, इंग्रजी, मराठी, सगळीकडे सारखंच. सकाळीच जन्मदाखल्यावर घालून आलेय.